ऐकण्याचा दर

क्षिप्राने पाकीट पुढे केलं, पण प्रणिताच्या आईने ते घेतलं नाही. तिने मांडीवरची पर्स उघडली, आतली लहान पर्स काढली, तिची चेन ओढली आणि विचारलं, "किती द्यायचे तुला?" काचेच्या अलीकडे अंधारात बसलेल्या प्रणिताला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक होतेय. स्पीकरमधून आवाज नेहमीच जरा घोगरा यायचा. पण पलीकडे क्षिप्राही गोंधळली होती. "नाही आजी, तुम्ही नाही द्यायचे. आम्ही देतो. तुम्ही आम्हाला वेळ दिलात ना." आई तिच्याकडे बघत राहिली. "अगं, बोलले तर मी," ती म्हणाली, "तू बिचारी तासभर ऐकत बसलीस. मग मला कशाचे?" प्रणिताच्या शेजारी टेलिफोन कंपनीचा माणूस लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. त्याने मान वळवून विचारलं, काय म्हणतायत त्या? प्रणिताने त्याला इंग्रजीत सांगितलं की त्या आभार मानतायत. हे सांगताना तिचा आवाज अगदी सरळ राहिला, आणि तो इतका सरळ कसा राहू शकतो याचीच तिला नंतर शरम वाटली.

खरं तर तिथे बसणं हे तिचं काम नव्हतं. तोआ पायोह भागातल्या या ऑफिसात ती हिशेब बघायची. लोकांना बोलावून नवीन मशिनं, नवीन फोन, बँकेची नवीन वेबसाइट वापरायला द्यायची, ते कुठे अडखळतात ते बघायचं आणि ज्याची वस्तू असेल त्याला रिपोर्ट द्यायचा, हा कंपनीचा धंदा. येणाऱ्या प्रत्येकाला मानधनाचं पाकीट मिळे, आणि त्या पाकिटात किती घालायचं हे प्रणिता ठरवायची. या खेपेला एका टेलिफोन कंपनीला जाणून घ्यायचं होतं की भारतातून मुलांकडे आलेले आईवडील घरी फोन कसे करतात. दुकानात मिळणारी कॉलिंग कार्डं त्यांना जमतात का, खरवडून काढलेला तो लांबलचक नंबर वाचता येतो का. गुरुवारी सगळी मराठी मंडळी होती. त्यांच्याशी बोलणारी क्षिप्रा होती. युनिव्हर्सिटीत शिकणारी, क्लेमेंटीत खोली भाड्याने घेऊन राहणारी, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली मुलगी. ऐनवेळी एका आजोबांना ताप आला आणि क्षिप्राने प्रणितालाच गळ घातली, "ताई, तुमच्या आई येतील का? क्लायंट येऊन बसणार आहे हो." घरच्या माणसांना बोलवायचं नाही असा नियम होता, पण क्लायंटसमोर रिकामी खुर्ची ठेवायची नाही असाही एक नियम होता, तो न लिहिलेला. म्हणून प्रणिता आईला घेऊन आली. क्लायंटला इंग्रजीत सांगायला ठरलेली बाईही दुपारनंतर निघून गेली, तेव्हा तेही तिच्याच गळ्यात पडलं. "मी आहे माझ्या टेबलावर," असं आईला सांगून ती काचेमागच्या खोलीत शिरली. क्लायंटला कॉफी देऊन तिने स्पीकर लावला तेव्हा क्षिप्राची सुरुवातीची प्रस्तावना संपत आली होती आणि आई काचेकडे बघून पदर नीट करत होती. पलीकडून ती काच म्हणजे नुसता आरसा असतो. त्यात आईला फक्त आई दिसत असणार, असं प्रणिताला वाटलं.

मानधनाचा तक्ता तिने स्वतः बनवला होता, आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता. ती येण्याआधी ज्याला जे वाटेल ते दिलं जायचं. तिने त्याला शिस्त लावली. माणसाचा तास म्हणजे त्या तासात तो दुसरीकडे जे मिळवू शकला असता ते, हे तिने धरलेलं तत्त्व. डॉक्टरांना सगळ्यात जास्त, मग बँकेतले, इंजिनिअर, मग दुकानदार, विद्यार्थी, मग घरी असणाऱ्या बायका. व्हिजिट पासवर आलेल्या म्हाताऱ्या माणसांची ओळ सगळ्यात शेवटी. त्यांना रोख नाही, सेरंगून रोडवरच्या मोठ्या दुकानाची कुपनं. तेवढ्यात दोन नारळ, तांदळाची पिशवी आणि वर एखादा साबण येईल. तिची साहेब जॉयस तक्ता बघून इथल्या लोकांच्या इंग्रजीत म्हणाली होती, "आंटी-अंकल ऑलरेडी व्हेरी हॅप्पी लह, होल डे फ्री व्हॉट." प्रणिताही हसली होती. गणित बरोबर होतं. त्या माणसांचा तास कुठूनही काढून आणलेला नव्हता, तो तसाच पडून होता. बाबा अंथरुणाला खिळले त्या दोन वर्षांत आईने जे तास घातले त्यांनाही कुठे काही दर नव्हता. रात्री कूस बदलायची, सकाळी भरवायचं, दुपारी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा आणि ते चिडले की गप्प बसायचं. प्रणिता इथून फोन करायची, आठवड्यातून एकदा, बहुधा रविवारी. "सगळं ठीक आहे ना?" "ठीक आहे." एवढ्यात संपायचा तो फोन. तिला तेव्हा तो फोन म्हणजे काळजी वाटायची. आता, काचेमागे बसून, तिला वाटत होतं की ती तर नुसती हजेरी होती.

क्षिप्राने सुरुवात साधीच केली होती. कार्ड कुठून घेता, चष्मा लागतो का, नंबर चुकला तर काय करता. आई आधी शाळेतल्या मुलीसारखी उत्तरं देत होती. मग क्षिप्राने विचारलं, "आणि फोन कुणाला करता आजी?" आणि गप्प बसली. तिची ती गप्प बसण्याची रीत प्रणिताला माहीत होती. अशा वेळी क्षिप्रा वही मिटून ठेवायची आणि समोरच्या माणसाकडे फक्त बघायची. आई म्हणाली, "बहिणीला करते. प्रबोधला, म्हणजे पुतण्याला करते." क्षिप्रा गप्पच. आईने टेबलावरचं कार्ड उलटसुलट केलं. "आणि घरी करते," ती म्हणाली. घरी कोण असतं, असं क्षिप्राने विचारलं. "कोणी नाही. ह्यांना जाऊन वर्ष होईल आता. घर बंद आहे." "मग?" "मग काय, घंटा वाजते. कुणी उचललं नाही तर या कार्डाचे पैसे कापत नाहीत, हे मला कळलंय. कितीही वाजू दे." आणि ती हसली. एखादी बाई दुकानदाराला कसं गंडवलं ते सांगताना हसते, तसं.

कंपनीचा माणूस प्रणिताकडे बघत होता. तिने सांगितलं, त्या स्वतःच्याच बंद घरी फोन करतात, कारण त्याचे पैसे पडत नाहीत. त्याला गंमत वाटली. त्याने भराभर टाइप केलं. पलीकडे आई बोलत होती. "आमचा फोन बोळात आहे, स्टुलावर. वाजला की स्वयंपाकघरात ऐकू येतो, आतल्या खोलीत ऐकू येतो, गॅलरीतसुद्धा. इथे दुपारी घरात कोणी नसतं ना. नात शाळेत, मुलगी जावई कामावर. मग मी लावते. तिकडे वाजतोय, म्हणजे घर जागेवर आहे. डोळे मिटून ऐकलं की कळतं, आवाज आता बोळातून आत गेला. ह्यांच्या खोलीत गेला." आई पुढे म्हणाली, "शेवटी शेवटी ह्यांना फोनचा आवाज सहन व्हायचा नाही. म्हणायचे, अगं उचल की. मी धावत जायची. आता मी इकडून लावते, आणि वाटतं ते आत आहेत. उठवत नाही म्हणून उचलत नाहीयेत. एवढंच. म्हणून जरा वेळ वाजू देते." क्षिप्राने वही मिटलेलीच ठेवली. आई म्हणाली, "ते घर विकतायत आता. सोमवारी सही आहे माझी. मुलीचं बरोबर आहे, बंद घर किती दिवस ठेवणार. पण मला कोणी विचारलं असतं ना, की तुला काय वाटतं, तर मी म्हटलं असतं की मला परत जायचंय. मला तिथे एकटीला भीती नाही वाटत. इथे वाटते. इथे दुपारी फार भीती वाटते." काय म्हणतायत, असं त्या माणसाने पुन्हा विचारलं. प्रणिताने सांगितलं, काही नाही, घरातल्या फोनच्या जागेबद्दल बोलतायत. तो पुढे टाइप करू लागला.

कोणी विचारलं असतं तर. पण प्रणिताने विचारलं होतं, नक्की विचारलं होतं. बाबांच्या वर्षश्राद्धाची बोलणी चालली होती तेव्हा, नाशिकहून प्रबोधचा फोन आला की गिऱ्हाईक चांगलं आहे, काकूंचं मुखत्यारपत्र पाठवलं की मी बाकीचं बघतो, तेव्हा. जेवताना ती म्हणाली होती, "आई, विकून टाकूया ना? उगाच बंद ठेवून काय करायचंय? तू इथेच राहणार आता." आणि आई म्हणाली होती, "तुम्ही म्हणाल तसं." प्रणिताचा नवरा अभय लगेच म्हणाला होता, "बघ, मी म्हणत नव्हतो, आई प्रॅक्टिकल आहेत." त्यात वाईट काय होतं? अभय चांगला माणूस होता. सासूला कायमचं ठेवून घ्यायला त्याने एका शब्दानेही कुरकुर केली नव्हती. लाँग टर्म पासचे कागदही त्यानेच आणले होते. लेकीने, इराने, आपली खोली आजीबरोबर वाटून घेतली होती. सगळ्यांनी आपापल्या परीने जागा करून दिली होती, आणि प्रणिताला मनातून सुटल्यासारखं वाटत होतं. बाबांच्या वेळी ती नव्हती. आईच्या वेळी असणार होती. घर विकलं की आई परत जाऊ शकणार नव्हती, म्हणजे प्रणिताला पुन्हा रविवारच्या फोनवर यावं लागणार नव्हतं. हे तिने असं उघड कधी मनाशीही म्हटलं नव्हतं. आता अंधारात, कॉफीच्या वासात, ते तिच्यापुढे येऊन उभं राहिलं आणि हलेना.

संध्याकाळी दोघी घरी निघाल्या. एमआरटीच्या गाडीत आईला बसायला जागा मिळाली आणि प्रणिता तिच्यासमोर दांडा धरून उभी राहिली. आईच्या हातात कुपनांचं पाकीट होतं. शेवटी क्षिप्राने तिच्या पर्समध्ये ते जवळजवळ कोंबलंच होतं. "छान आहे गं ती मुलगी," आई म्हणाली. "हो ना," प्रणिता म्हणाली. आई वर बघत राहिली, पुढे काही येईल अशा अपेक्षेने. प्रणिता स्टेशनांची पाटी वाचू लागली. तिला बोलायचं होतं. पण काचेमागे ऐकलेलं समोरच्या माणसाकडे न्यायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. माणूस विश्वासाने बोलतो. ते त्याच्यावरच उलटवायचं नाही. हा नियम तिला त्या संध्याकाळी फार पवित्र वाटला. तो तिच्या किती सोयीचा होता हे तिला कळत नव्हतं असं नाही. बोलली असती तर गिऱ्हाईक गेलं असतं, प्रबोध तोंडघशी पडला असता, अभयला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि आई त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिली असती. एखाद्या दिवशी प्रणिताने इथून फोन लावला असता आणि तो नुसता वाजत राहिला असता. त्या वाजण्याची तिला भीती वाटली. आईला ज्या आवाजाचा आधार होता त्याचीच मुलीला भीती वाटत होती, आणि या दोन्हींत मधलं काही तिला सुचत नव्हतं.

शुक्रवारी तिने जॉयसकडे विषय काढला. व्हिजिट पासवरच्या माणसांचा दर चुकलाय, तो इतरांइतका करायला हवा, ती म्हणाली. जॉयसने ऐकून घेतलं. "कॅन," ती म्हणाली, "बट बजेट सेम हॉर." म्हणजे पाकीट मोठं करायचं तर माणसं कमी बोलवायची. अर्ध्यांना द्यायचं आणि अर्ध्यांना विचारायचंच नाही. शनिवारभर प्रणिता जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन ते बसवत होती. तास कमी करून बघितले, चहापाण्याचा खर्च काढून बघितला, डॉक्टरांच्या ओळीतून थोडं खाली आणलं. आई समोर बसून चवळीच्या शेंगा मोडत होती. ती उठून आत जात नव्हती. एरवी या वेळी ती आडवी व्हायची. "काय एवढं करतेस?" तिने विचारलं. "म्हाताऱ्या माणसांना किती द्यायचं ते बघतेय. आम्ही फार कमी देत होतो." आईने शेंग मोडली. "मग जास्त दे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "त्यांना पैशाचं नसतं गं तेवढं." हेच तर दार होतं, उघडं. प्रणिताला ते दिसलं. तिचे हात की-बोर्डवर थांबले, आणि तिने विचारलं, "आई, इथे बरं वाटतं ना तुला?" "हो, बरं वाटतं की," आई म्हणाली. प्रणिताच्या प्रश्नात उत्तर आधीच भरून ठेवलेलं होतं, आणि आईने तेच मुकाट्याने परत केलं. क्षिप्रा असं कधी विचारत नसे. क्षिप्रा विचारून गप्प बसत असे. प्रणितानेही गप्प बसून बघितलं. पण तिचं गप्प बसणं वेगळं होतं. आत कुठेतरी ती देवाजवळ मागत होती की आईने काही बोलू नये. आई बोलली नाही. शेंगा संपल्या. संध्याकाळपर्यंत तक्ता नीट बसला. अनोळखी म्हाताऱ्यांवरचा अन्याय बऱ्यापैकी दूर झाला होता.

रविवारी आईने पुरण घातलं. सणवार काही नव्हता. गॅसजवळ उभं राहून ती कितीतरी वेळ ते घोटत होती, आणि मधूनमधून बाहेर येऊन प्रणिताशेजारी उगाच उभी राहायची, पदराला हात पुसायची, परत जायची. इराला तिने जवळ बोलावलं तर इरा म्हणाली, "आजी, लेटर लह, आय गॉट ट्यूशन." जेवताना अभयने पोळीची तोंड भरून स्तुती केली आणि उद्याचे मुखत्यारपत्राचे कागद एकदा तपासले. "पासपोर्ट घ्या हं आई, मूळचा लागतो." "घेते," आई म्हणाली. रात्री झोपायला जाताना ती प्रणिताच्या खोलीच्या दारात थांबली. "उद्या किती वाजता निघायचं?" तिने विचारलं. प्रणिताने वेळ सांगितली. "आणखी काही नाही ना?" आई म्हणाली. प्रणिताला वाटलं ती कागदांबद्दलच विचारतेय. "नाही," ती म्हणाली, "आणखी काही नाही."

भारतीय हाय कमिशनच्या हॉलमध्ये सोमवारी नेहमीची गर्दी होती. पासपोर्टवाले, व्हिसावाले, कडेवर मुलं घेतलेल्या बायका. नंबर लागला तेव्हा आई उठली, काउंटरवर गेली, चष्मा लावला. खिडकीतल्या माणसाने हिंदीत विचारलं, "माताजी, समझकर साइन कर रही हैं ना?" "हां, हां," आई म्हणाली. प्रत्येक पानावर तिने सावकाश सही केली, आपलं नाव संजीवनी पूर्ण, मग बाबांचं नाव पूर्ण, मग आडनाव. बाबांच्या नावाशी तिचा हात कुठेही अडखळला नाही. प्रणिता ते बघत होती आणि प्रत्येक सहीनंतर तिला वाटत होतं, अजून एक पान आहे, अजून थांबवता येईल. मग पानं संपली. कागद शिक्का मारून मिळायला वेळ होता, म्हणून दोघी मागच्या बाकावर जाऊन बसल्या. आईने पेन पर्समध्ये ठेवलं. ते खिडकीतल्या माणसाचं होतं हे तिच्या लक्षात आलं, तशी ती उठून ते परत देऊन आली. आणि तेव्हा, ती पुन्हा शेजारी बसली तेव्हा, प्रणिताच्या तोंडून निघून गेलं, "आई, तुला खरंच विकायचं होतं का?"

आईने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, जरा नवल वाटल्यासारखं. "आता विचारतेस?" ती म्हणाली. मग तिने मांडीवरचे हात एकावर एक ठेवले. "तू होतीस ना तिथे. काचेमागे." प्रणिताने मान वर केली. "ती मुलगी आधीच म्हणाली, आजी, काचेमागे माणसं ऐकतायत, चालेल ना? आणि तुम्ही बोलाल ते मराठी कळणारं एक माणूस त्यांना इंग्रजीत सांगणार आहे. मी म्हटलं, चालेल. तुमच्या ऑफिसात ती मुलगी सोडली तर मराठी कळणारं दुसरं कोण आहे? तूच असणार. म्हणून तर बोलले. तोंडावर मला जमलं नसतं गं. तू दमून येतेस, त्यात हे कुठे काढू. तिथे म्हटलं, हिला ऐकायचंच काम आहे, तर सांगून टाकावं." काउंटरवर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला, आणि समोरची बाई मुलाला ओढत धावली. "मग मला वाटलं, घरी जाताना विचारशील. गाडीत नाही तर घरी. शुक्रवारी नाही तर शनिवारी. शनिवारी तर मी समोरच बसून होते. काल रात्री आले होते दारात. तू काही बोलली नाहीस, तेव्हा म्हटलं, हिने सगळं ऐकलंय आणि तरी हिचं हेच आहे. म्हणजे झालं. मग कशाला ताणायचं."

"तसं नव्हतं आई," प्रणिता म्हणाली, पण कसं होतं ते तिला सांगता येईना. भीती वाटत होती, हे सांगायचं होतं. नियम होता, हे सांगायचं नव्हतं. "आपण आत्ता जाऊ, कागद परत घेऊ, मी सांगते त्यांना," ती म्हणाली आणि अर्धी उठली. आईने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "नको. आता नको. प्रबोधने त्या माणसाला शब्द दिलाय. आणि माझं मनाशी ठरून गेलंय गं काल. परत परत नाही ते उसवता येत." तिच्या आवाजात कुठे टोचणारं काही नव्हतं. तसं असतं तर बरं झालं असतं. प्रणिताला रडू फुटलं; आधी नुसते डोळे भरले आणि मग ते आवाजासकट बाहेर आलं, परक्या माणसांनी भरलेल्या त्या हॉलमध्ये, लहान मुलीसारखं. लोक वळून बघायला लागले. आई घाबरली. तिने पदराचं टोक प्रणिताच्या हातात दिलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि इकडेतिकडे बघत हलक्या आवाजात म्हणाली, "अगं, असं काय करतेस वेड्यासारखं? घरच गेलंय ना फक्त. मी आहे ना इथे."